गाविलगडावर दिवे कोण लावत होतं?



हिवाळा लागला की चिखलदऱ्याला शाळांच्या सहली निघतात. मुलं गाविलगडावर तोफेजवळ फोटो काढतात आणि आपण सनावळी सांगतो. १४२५ साली बहामनी सुलतान अहमदशाह वलीने किल्ला बांधला, पुढे इमादशाही आली, नंतर नागपूरकर भोसले, आणि १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी तो घेतला.

यंदा एका मुलीने मध्येच विचारलं, "सर, तवा तं लाईट नोती, मंग राती दिवे कोण लावे?" मी क्षणभर गप्प झालो. इतकी वर्षं गड दाखवतोय, पण हे कधी मनातच आलं नव्हतं.

जुन्या मराठीत या माणसांना नावं आहेत. मशाल धरणारा मशालजी, दिवटी धरणारा दिवट्या. एका हातात पेटती दिवटी, दुसऱ्या हातात तेलाची बुधली. चिंध्या जळत आल्या की पुन्हा तेल घालायचं, वारा आला तरी विझू द्यायचं नाही. खंडोबाच्या जागरणात ही दिवटी-बुधली मुलांनी पाहिलेली असते. राजवाड्यातल्या मुदपाकखान्यात चुली पेटत्या ठेवणारे वेगळेच. आपल्या धड्यांत मात्र यातलं कोणी भेटत नाही.

गंमत म्हणजे चिखलदऱ्याची स्वतःची गोष्ट नोकरांचीच आहे. विराट राजाच्या घरी भीम बल्लव नावाने स्वयंपाकी झाला, द्रौपदी सैरंध्री म्हणून राणीची दासी. कीचकाने तिला भर सभेत लाथ मारली, तरी राजाने न्याय दिला नाही. शेवटी भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले, असं इथले लोक सांगतात. कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला तो असा. आपण ही गोष्ट भीमाच्या ताकदीची म्हणून सांगतो. पण सैरंध्रीच्या मागे भीम होता. त्याच वाड्यातल्या खऱ्या दासींच्या मागे कोण होतं? हा प्रश्न वर्गात यायलाच हवा, असं माझं मत आहे.

कारण आपल्या वर्गात धुणीभांडी करणाऱ्या आईची, हॉटेलात भट्टी सांभाळणाऱ्या बापाची लेकरं बसतात. इतिहासात फक्त राजेच असतील, तर त्यांनी स्वतःला कुठं शोधायचं?

म्हणून पुढच्या सहलीत सनावळीसोबत मुलांना एवढंच विचारा: गडावर तेल कोण वाहून आणत असेल? सरपण कोण फोडत असेल? दिवा विझला, तर बोलणी कोण खात असेल? उत्तरं मुलांनाच शोधू द्या. आणि पालकांनो, आज घरात चूल किंवा गॅस सर्वांत आधी कोण पेटवतं, हेही लेकरांना एकदा विचारून बघा.