बंद करता, मग पोहोचवाही

राज्यातले कोरोनाचे निर्बंध आता १५ मे २०२१पर्यंत वाढले. ते वाढायलाच हवे होते. ज्या अंबाजोगाईत गेल्या रविवारी एका रुग्णवाहिकेत २२ मृतदेह रचून स्मशानाकडे न्यावे लागले, तिथे गर्दीची मुभा द्या असे म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. घराबाहेर पडू नका, हे बरोबरच. आमचा राग आहे तो त्यापुढच्या सल्ल्यावर. घरी बसा, नाटक ऑनलाइन पाहा, गाणे ऑनलाइन ऐका, मुलांना ऑनलाइन शिकवा, वेळ कसा जाईल ते कळणारही नाही! हा सल्ला गेले वर्षभर आपण ऐकतो आहोत. तो देणाऱ्यांनी त्यातले काय आमच्या उंबरठ्यापर्यंत आणून दिले? बंदचा आदेश एका रात्रीत निघतो. पोहोचवण्याचा आदेश तेरा महिने उलटले तरी निघालेला नाही.

ऑनलाइन म्हटले की सगळे घरात आलेच, अशी एक समजूत मंत्रालयात पक्की झालेली दिसते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीने २०१७-१८ मध्येच सांगून ठेवले होते की देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम १५ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय आहे आणि संगणक साडेचार टक्क्यांकडेही नाही. त्यानंतर मोबाइल वाढले, हे खरे. पण घरात एक फोन, तो बापाच्या खिशात आणि शिकणारी पोरे तीन, याला सोय म्हणायचे काय? आमच्या बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे आता कुठे कारखान्यांवरून परतली आहेत. सहा महिने पाचटाच्या कोपीत राहिलेल्या मुलाला ‘घरी बसून शीक’ सांगताना, त्या घरात वीज किती तास असते एवढे तरी विचारावे.

आता वाचनालयांचे बघा. राज्याच्या २०२१च्या निर्बंध आदेशानुसार हॉटेलचे जेवण घरपोच चालते. वृत्तपत्र घरपोच चालते. मग वाचनालयाचे पुस्तक घरपोच का चालत नाही? पार्सल आणणाऱ्या हातांपेक्षा कादंबरी आणणारे हात अधिक धोकादायक आहेत काय? मागच्या वर्षीही हेच झाले. मार्चमध्ये वाचनालयांना कुलपे लागली ती थेट १५ ऑक्टोबरला निघाली. सात महिने कपाटांतली पुस्तके कपाटांतच राहिली. या राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी अनुदानित वाचनालये आहेत, तुटपुंज्या पगारावर राबणारे ग्रंथपाल आहेत. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची, सभासदाने पुस्तक सांगायचे, शिपायाने सायकलवरून दारात नेऊन द्यायचे, परत आलेले पुस्तक चार दिवस बाजूला ठेवायचे. याला ना अ‍ॅप लागते, ना निविदा. लागतो फक्त एक आदेश. तोच निघत नाही.

अंबाजोगाईला ‘मराठवाड्याचे पुणे’ म्हणवून घ्यायला आवडते. या गावाच्या डोंगरात मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधू’ हा ग्रंथ शके १११०चा, म्हणजे ११८८चा मानला जातो. याच गावात दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद खादीच्या कापडावर ‘पंचीकरण’ हा ग्रंथ लिहिणारा कवी मराठीत दुसरा दाखवा! दासोपंत १६१५ मध्ये गेले. त्यांचे हे कापड चारशे वर्षे गावाने सांभाळले. त्या पासोडीचा इंच न् इंच पडद्यावर मोठा करून वाचता यावा, शेजारी अर्थ यावा, एखाद्या जाणकाराने ती आपल्या आवाजात समजावून सांगावी, हे काम सरकारने हाती घ्यायला आणखी किती साथी याव्या लागतील? वस्तुसंग्रहालये घरबसल्या पाहा, असे आम्हाला सांगितले जाते. पॅरिसचे संग्रहालय आमची मुले मोबाइलवर पाहतात. जरूर पाहोत. पण हाकेच्या अंतरावरची पासोडी त्यांना तशीच पाहता आली पाहिजे, हे कुणाच्या गावीही नाही.

लंडनच्या नॅशनल थिएटरने गेल्या वर्षी एप्रिलपासून दर गुरुवारी एक नाटक यूट्यूबवर फुकट दाखवले. त्यांना ते जमले, कारण २००९ पासून ते आपल्या प्रयोगांचे नीट चित्रीकरण करत आले होते. आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धा वर्षानुवर्षे होते, सरकारच ती भरवते, गावोगावची हौशी मंडळी पदरमोड करून प्रयोग करतात. त्यांतले चांगले प्रयोग आज घरी बसून पाहायचे म्हटले तर कुठे पाहायचे? आमच्या गावात दर नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह होतो. अशा व्यासपीठांवर झालेले गाणे, व्याख्याने, कवींच्या मैफली राज्याने कायमच्या जपून लोकांना खुल्या करायला नकोत?

आणि जे कलावंत हे सारे करतात त्यांचे काय? चैत्र-वैशाखातल्या जत्रा हा तमाशाचा, भारूडवाल्यांचा, गोंधळ्यांचा कमाईचा हंगाम. सलग दुसरा हंगाम बुडाला. १३ एप्रिलला राज्याचे ५,४७६ कोटींचे पॅकेज जाहीर झाले. रिक्षावाले, फेरीवाले, बांधकाम मजूर, घरकामगार त्यात आले, ते यायलाच हवे होते. लोककलावंत मात्र राहिले. यांची कला आम्ही मोबाइलवर फुकट पाहायची आणि यांनी घरी बसून उपाशी राहायचे, असा हा हिशेब आहे. ढोलकी चुलीत घालून पोट भरत नाही.

करायचे ठरवले तर होते, याचा पुरावाही आहे. गेल्या वर्षी २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीचे धडे साध्या दूरचित्रवाणीवर आले. डेटा पॅक नको, स्मार्टफोन नको. पंढरीचा सोहळाही गेल्या आषाढीला लोकांनी घरच्या पडद्यावर पाहिला. हीच वाट पुढे का नेली नाही? बीडला आकाशवाणीचे केंद्र आहे. रोज संध्याकाळी तासभर मराठवाड्यातले कथाकथन, भारूड, मुलांसाठी गोष्टी लावायला काय हरकत आहे? मानधन कलावंताला मिळेल, आणि रेडिओ तर शेताच्या बांधावरही वाजतो.

पैसा नाही, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. सायकलवरून पुस्तक नेण्याला पैसा लागत नाही आणि बंद पडलेल्या सरकारी महोत्सवांचा वाचलेला निधी कुठे तरी आहेच.

आज महाराष्ट्र दिन आहे. भाषणे यंदा ऑनलाइन होतील. सांस्कृतिक कार्य विभागाने आणि ग्रंथालय संचालनालयाने भाषणांऐवजी दोनच कागद काढावेत: एक, १५ मेची वाट न पाहता वाचनालयांना घरपोच पुस्तके देण्याची परवानगी, दुसरा, लोककलावंतांच्या खात्यात थेट मदत. जिल्हाधिकाऱ्यांनी बीडपुरता पहिला कागद तर उद्या सकाळीही काढावा.