आधी हिशेब, मग मोटर

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, ‘ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा परत मिळवू, घरच्या कारला मोटर जोडू’ असं एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणाली, तर लगेच गप्प करू नका. आधी हिशेब मांडायला लावा. नववीतला ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा त्याला पुरतो.

समजा, १००० किलोची कार ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने चालली आहे.

गतिज ऊर्जा = ½ × १००० × १०² = ५०,००० ज्यूल.

ती ५ सेकंदांत थांबवायची तर सरासरी शक्ती १०,००० वॅट होते. ही सगळी १२ व्होल्टच्या बॅटरीत भरायला ८०० अँपिअरहून जास्त प्रवाह लागेल! घरगुती जोडणीला हे झेपणार नाही. आणि मिळणार किती? जेमतेम १४ वॅट-तास.

शिवाय ब्रेक म्हणजे घरच्यांचा जीव. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणेही गाडीत असे बदल परस्पर करता येत नाहीत.

म्हणून माझं मत असं, की प्रयोग जरूर करू द्या, पण टेबलावर. खेळण्यातल्या डीसी मोटरला चाक लावून हाताने फिरवा. मग तिच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून पुन्हा फिरवा. चाक आता लवकर का थांबतं, हे मुलांनाच सांगू द्या.