नंदादेवीवर फोनमधून उडताना: डोंगर खरा, पण तारीख कोणती?

नंदादेवी पुन्हा उघडायची का? २०२५ मध्ये हा प्रश्न परत बातम्यांत आला. हे शिखर गिर्यारोहकांसाठी खुलं करण्याबद्दल उत्तराखंडचं पर्यटन खातं आणि इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशन यांच्यात बोलणी सुरू झाल्याचं छापून आलं. १९८२ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्याच सुमारास आतल्या भागात ट्रेकिंग, गिर्यारोहण सगळं बंद झालं. कारण सरळ होतं: मोहिमांचा कचरा, जळणासाठी झाडतोड आणि शिकार. १९८८ पासून हे उद्यान युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

म्हणजे तुम्हाला-मला तिथे आज जाता येत नाही. मग मी फोनवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमधून गेलो आणि अर्ध्या मिनिटाची क्लिप काढून ग्रुपवर टाकली. दोन मिनिटांत एकाचा मेसेज आला, "अरे, दरी तर मस्त मोकळी आहे. उघडायला काय हरकत आहे?" या प्रश्नाला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. ते शोधताना जे कळलं ते इथे मांडतोय. ही सफर तुम्हीही करा, जरूर करा. फक्त स्क्रीनवर दिसतंय ते नेमकं काय आहे, हे माहीत असू द्या.

मार्ग कसा आखायचा?

जिओएफएस हा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये चालतो आणि त्याचं फोन अ‍ॅपही आहे. कॉम्प्युटर असेल तर फ्लाइटगिअर पूर्ण मोफत आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसाठी मात्र दमदार मशीन आणि चांगलं वायफाय लागतं, कारण त्यात डोंगरांची चित्रं उडता उडता इंटरनेटवरून उतरत राहतात.

सुरुवात डेहराडूनच्या जॉली ग्रँट विमानतळावरून करा. तिथून नंदादेवी सरळ रेषेत साधारण १७० किलोमीटर आहे. पण सरळ जाऊ नका, नदी धरा. ऋषिकेशवरून देवप्रयाग, तिथून उजव्या अंगाची अलकनंदा पकडून रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग आणि शेवटी जोशीमठाखालचं विष्णुप्रयाग. दर संगमावर खाली दुसरी नदी येऊन मिळताना दिसते, त्यामुळे नकाशा न बघताही आपण कुठे आहोत ते कळतं. मध्येच खाली उतरायचं असेल तर रुद्रप्रयाग आणि कर्णप्रयाग यांच्यामध्ये गौचरची धावपट्टी आहे.

विष्णुप्रयागला धौलीगंगेच्या बाजूने वळा. तपोवन मागे टाकलं की रैणी गाव येतं. १९७४ मध्ये गौरा देवींनी गावातल्या बायकांना घेऊन झाडं वाचवली, चिपको आंदोलनातलं तेच हे गाव. इथे ऋषिगंगा धौलीगंगेला मिळते आणि ऋषिगंगेची अरुंद घळ हीच नंदादेवीच्या अभयारण्यात शिरायची वाट. बाकी सगळ्या बाजूंनी शिखरांचं कडं आहे, सरासरी ६,००० मीटरच्या आसपास. १९३४ मध्ये शिप्टन आणि टिलमन हे दोघे ब्रिटिश गिर्यारोहक याच घळीतून आत पोचले. तोवर आत कोणाला जाता आलं नव्हतं.

विमान कोणतं घ्यायचं?

इथे बहुतेक जण चुकतात. मीही चुकलो. सवयीप्रमाणे सेस्ना १७२ घेतलं आणि घळीत भिंतीला धडकलो. या विमानाची उंचीची मर्यादा १४,००० फूट, म्हणजे सुमारे ४,२७० मीटर. कडं ओलांडायला हे पुरत नाही. सेस्ना २०८ ग्रँड कॅरव्हॅन किंवा ट्विन ऑटर घ्या. त्यांची मर्यादा २५,००० फूट, म्हणजे ७,६२० मीटरपर्यंत आहे. कडं ओलांडता येतं, पण नंदादेवी ७,८१६ मीटर. शिखर तरीही तुमच्या डोक्यावरच राहतं. मला तर हाच या सफरीतला सगळ्यात भारी क्षण वाटला.

रुद्रप्रयागपासूनच वर चढायला लागा, कारण उंचीवर विमान फार हळू चढतं. ऋषिगंगेच्या वरून सुमारे २१,००० फुटांवर आत शिरा. डावीकडे दूनागिरी (७,०६६ मीटर), उजवीकडे त्रिशूल (७,१२० मीटर), समोर नंदादेवी.

वळताना एक गणित लक्षात ठेवा. हवा विरळ असते, म्हणून काटा १२० नॉट दाखवत असला तरी २०,००० फुटांवर खरा वेग सुमारे १६५ नॉट असतो. ३० अंश कललेल्या विमानाला समुद्रसपाटीजवळ १२० नॉटला वळायला साधारण ६७० मीटर त्रिज्या लागते. वर तीच जवळपास १,३०० मीटर होते. म्हणजे उलटं फिरायला अडीच किलोमीटर रुंद जागा हवी. घळीत ती मिळणार नाही. वळायचं ते आतल्या मोकळ्या भागात पोचल्यावरच.

आणि हवामान. सिम्युलेटरमध्ये आपण "स्वच्छ आकाश" निवडतो आणि मोकळे होतो. पण १५ जून २०२५ ला गौरीकुंडजवळ केदारनाथ यात्रेचं हेलिकॉप्टर पडून सात जणांचा जीव गेला, तेव्हा दरीत खराब हवा होती. गौरीकुंड ज्या मंदाकिनीच्या खोऱ्यात आहे, ती मंदाकिनी आपल्या मार्गावरच्या रुद्रप्रयागला अलकनंदेला मिळते. स्क्रीनवर ज्या दऱ्या सोप्या वाटतात, त्याच या.

स्क्रीनवरचा डोंगर बनतो कसा?

दोन गोष्टींपासून. पहिली, उंचीचा नकाशा: जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला उंचीचा एक आकडा. दुसरी, त्या आकारावर चादरीसारखा पांघरलेला उपग्रहाचा फोटो.

उंचीचे दोन मोफत नकाशे जगभर वापरले जातात. एक फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून ११ दिवसांत रडारने मोजलेला. दुसरा युरोपचा कोपर्निकस, त्याची मोजणी मुख्यतः २०११ ते २०१५ मधली. दोन्हींत एक चौकोन साधारण ३० मीटरचा. त्यामुळे घळीचा उभा कडा सिम्युलेटरमध्ये गुळगुळीत उतार होऊन बसतो. शिवाय हिमालयात काही कडे रडारच्या सावलीत राहतात. तिथली मोजणीच मिळत नाही आणि ती जागा अंदाजाने भरावी लागते.

फोटोची तारीख वेगळी, उंचीची तारीख वेगळी. आणि उडताना यातली एकही तारीख स्क्रीनवर दिसत नाही.

मग बिघडलं कुठे?

७ फेब्रुवारी २०२१. नंदादेवीच्या पश्चिमेला रोंती शिखराचा उत्तरेकडचा एक अख्खा तुकडा सुटला. सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ जवळपास १,८०० मीटर खाली कोसळलं. खडकाच्या घर्षणाने बर्फ वितळलं आणि चिखल-पाण्याचा लोंढा ऋषिगंगेतून रैणीपर्यंत आणि पुढे तपोवनपर्यंत गेला. ऋषिगंगा वीज प्रकल्प वाहून गेला, तपोवन-विष्णुगाड प्रकल्पाचं मोठं नुकसान झालं. २०४ माणसं मेली किंवा बेपत्ता झाली.

आता वरच्या तारखा परत बघा. २००० आणि २०११ ते २०१५. दोन्ही नकाशांत रोंतीचा तो तुकडा अजून जागेवर आहे! सिम्युलेटरने नवा फोटो लावला तरी तो जुन्या आकारावर चढतो. म्हणजे माझ्या क्लिपमधली जी दरी मित्राला "मोकळी" वाटली, ती दुर्घटनेच्या आधीची असू शकते. तिच्यावरून आजच्या दरीबद्दल काहीही ठरवता येत नाही.

शिखर उघडायचं की नाही, यावर दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. स्थानिकांना रोजगार हवा, आणि तिथलं जंगल व दरी किती माणसं सोसेल हा प्रश्नही खरा आहे. पण त्या वादात गेममधली क्लिप पुरावा म्हणून चालणार नाही.

आपले डोंगर इतके धूसर का?

स्वित्झर्लंडने १ मार्च २०२१ पासून देशाचा उंचीचा नकाशा सगळ्यांना मोफत दिला. त्यात चौकोन अर्ध्या मीटरचा आहे. आपल्याकडे त्याच्या दोनच आठवडे आधी, १५ फेब्रुवारी २०२१ ला नकाशांचे नवे नियम आले. भारतीय कंपन्यांना नकाशे बनवायला पूर्वपरवानगी लागेनाशी झाली, हा मोठा बदल होता. पण आडव्या अंतरात १ मीटर आणि उंचीत ३ मीटरपेक्षा बारीक माहिती फक्त भारतीय संस्थांनाच तयार करता येते, आणि ती भारतातच साठवावी लागते. परदेशी कंपनी ती परवान्याने घेऊ शकते, तेही भारतातल्या ग्राहकांना सेवा देण्यापुरती.

सीमेजवळच्या भागात सुरक्षेचा प्रश्न असतोच. तरी मला वाटतं, दरडी आणि पुराचा धोका असलेल्या खोऱ्यांचा तरी ताजा उंचीचा नकाशा लोकांसाठी खुला असावा. गेम छान दिसावा म्हणून नाही. रैणीसारख्या गावातल्या माणसाला आपल्या वरचा डोंगर किती बदलला ते फोनवर बघता यावं म्हणून.

तारीख कशी तपासायची?

सफर करण्याआधी दहा मिनिटं एवढं करा:

१. गूगल अर्थमध्ये जुनी उपग्रह चित्रं बघायची सोय आता फोनवरही आहे. नंदादेवी शोधा आणि मागच्या वर्षांची चित्रं चाळा. कुठलं चित्र कधीचं, ते तिथे लिहिलेलं असतं.

२. कोपर्निकस ब्राउझर ही युरोपची मोफत साइट उघडा. सेंटिनेल-२ उपग्रह दर पाचेक दिवसांनी त्याच जागेचा फोटो घेतात आणि फोटोतला एक ठिपका १० मीटरचा असतो. ३०.३७ उत्तर, ७९.७३ पूर्व इथे जा. फेब्रुवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यातला आणि त्यानंतरचा फोटो शेजारी ठेवा. सुटलेला तुकडा साधारण ५५० मीटर रुंद होता, म्हणजे फोटोत पन्नासेक ठिपके. शोधावा लागत नाही.

३. मग सिम्युलेटरमध्ये त्याच जागेवरून उडा आणि काय जुळतं, काय जुळत नाही ते बघा.

४. क्लिप टाकताना "सिम्युलेटर" हा शब्द व्हिडिओवरच लिहा. खालचं कॅप्शन दुसऱ्या ग्रुपवर पाठवताना गळून जातं, व्हिडिओवरचं राहतं.

मी ग्रुपवरची क्लिप काढून टाकली आणि सेंटिनेलचे ते दोन फोटो टाकले. मित्राचा पुढचा प्रश्न होता, "मग आत्ता तिथे कसं दिसतं?" त्याला साइट कशी उघडायची ते सांगितलं. या आठवड्याचा फोटो ढगांनी भरलेला निघाला. पाच दिवसांनी परत बघणार आहोत.