खाण बुजली, वस्ती उरली

१८७० सालीं जलंबहून खामगांवास आगगाडीचा फाटा आला, तो कापसासाठीं. पुढल्याच वर्षीं तिकडे चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यांत वरोऱ्यास सरकारी कोळशाची खाण सुरू झाली. तिच्या कोळशासाठीं वर्ध्याहून तेथवर लोहमार्ग नेण्यांत आला. जें गांव एकाच वस्तूवर पोसतें, त्याची ती वस्तू सरली म्हणजे काय होतें, हें आम्हां बुलढाणेकरांनीं वरोऱ्यापासून शिकण्याजोगें आहे.

वरोऱ्याची खाण १९०६ सालीं बंद पडली व कोळशाचा व्यवहार बल्लारपुराकडे गेला. ज्यांचें पोट खाणीवर होतें, त्यांची तेव्हां काय अवस्था झाली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. तथापि गांव ओस पडलें नाहीं. कोळशासाठीं आलेली आगगाडी राहिली, आणि तोच मार्ग पुढें दक्षिणेकडे जाणाऱ्या हमरस्त्याचा भाग झाला.

१९५१ सालीं गांवाबाहेरच्या खडकाळ रानांत बाबा आमटे यांनीं सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय व चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन वसविलें. समाजानें टाकलेल्या त्या मंडळींनींही आधीं जमीनच खणली, परंतु पाण्यासाठीं. खाणींतलें धन बाहेरगांवीं गेलें होतें. विहिरीचें पाणी तेथल्याच शेतास मिळालें.

आमच्या तरुणांनीं सुटींत एकदां वरोऱ्यास जावें, आणि परत आल्यावर आपल्या गांवास कापसावांचून दुसरा आधार कोणता, हें घरच्या वडीलधाऱ्यांस विचारावें.