विजेची सायकल कुणाच्या पायांसाठी?

विजेवर चालणाऱ्या सायकलीला लायसन्स लागत नाही, आरटीओत नोंदणी लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. दुकानदार गिऱ्हाइकाला सर्वांत आधी हेच सांगतो आणि ते खरे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत आणि ब्रेक व पुढे-मागे रिफ्लेक्टर असतील, तर ते मोटार वाहन धरले जात नाही. नवापूरसारख्या गावात पेट्रोलच्या भावाने कावलेल्या माणसाला एवढे ऐकले तरी पुरते.

दुकानदार बहुधा सांगत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. ही सायकल दोन प्रकारे चालते. एका प्रकारात आपण पायडल मारतो आणि मोटर त्याला हातभार लावते. पाय थांबले की मोटरही थांबते. दुसऱ्या प्रकारात उजवी मूठ पिळली की सायकल मोपेडसारखी आपोआप पळते, पाय नुसते टेकवून ठेवायचे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सायकलींत दोन्ही सोयी असतात. बाजारात तिला एकच नाव असले तरी शरीराच्या दृष्टीने ही दोन वेगवेगळी वाहने आहेत.

पायडल मारून चालवली तर ई-सायकल हा व्यायाम आहे का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. आहे. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास थोडा फुलतो, शेजारच्याशी बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही. यालाच मध्यम तीव्रतेचा व्यायाम म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला असा १५० ते ३०० मिनिटांचा व्यायाम सांगितला आहे. रोज कामावर जाऊन-येऊन अर्धा तास पायडल मारले, तर पाच दिवसांत त्यातली १५० मिनिटे भरतात. युरोपातल्या सात शहरांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ई-सायकलवाल्यांची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरली, कारण त्यांचे श्रम कमी असले तरी ते लांबवर जात होते. त्याच अभ्यासातली दुसरी बाब जास्त कामाची आहे. मोटार किंवा बस सोडून जे ई-सायकलवर आले त्यांची हालचाल वाढली. साधी सायकल सोडून जे आले त्यांची कमी झाली. म्हणजे रोज साध्या सायकलीने कामावर जाणाऱ्या धडधाकट माणसाने ही घेण्यात आरोग्याचा फायदा काही नाही. ज्याने मोटारसायकलशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जाणे सोडले आहे, त्याने जरूर घ्यावी.

गुडघे झिजलेले, मधुमेह असलेले, वजन वाढलेले लोक यांनाही ती सोयीची आहे. गुडघ्यावर सर्वांत जास्त ताण येतो तो सुरुवात करताना आणि चढावर, आणि नेमका तिथेच मोटरचा हातभार लागतो. हृदयविकार झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि तोवर मूठ पिळण्यापेक्षा पायी चालावे. साठीपुढच्यांना एक सूचना. ही सायकल साध्या सायकलीपेक्षा जड असते आणि वयस्कर माणसे धावत्या सायकलीवरूनच नव्हे, चढता-उतरतानाही पडतात. आडवी दांडी नसलेली, बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशीच घ्यावी.

पण नंदुरबार जिल्ह्यात या सायकलीचा सर्वांत मोठा उपयोग कुणाला होईल, याचे उत्तर मधुमेहींमध्ये नाही. ते शाळेत जाणाऱ्या मुलींमध्ये आहे.

या भागातल्या भिल्ल, गावित, मावची, कोकणा, पावरा समाजांत सिकलसेलचा आजार पिढ्यान्पिढ्या आहे. आई आणि वडील अशा दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते; एकाकडूनच आले तर ते वाहक असते. वाहक माणूस बहुतेक सर्व कामे नेहमीसारखी करतो, त्याने सायकल सोडण्याचे काही कारण नाही. रुग्णाचे तसे नसते. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर मोडतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हिमोग्लोबिन अनेकदा ६ ते ९ च्या दरम्यानच राहते. निरोगी मुलीचे १२ च्या आसपास असावे लागते. फार दम लागेपर्यंत श्रम, उन्हात पाणी न पिणे, पावसात भिजून अंग गार पडणे, ताप येणे, यांपैकी काहीही असह्य वेदनांच्या झटक्याला पुरेसे होते.

अशा मुलीला राज्य सरकार सायकल देते. मानव विकास कार्यक्रमातून ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात, आणि ही योजना चांगलीच आहे; मुलींची शाळा टिकण्यामागे सायकलीचा वाटा आहे. पण चढावर सायकलीला किती जोर लागतो हे पाहावे. सायकल आणि माणूस मिळून ८० किलो वजन सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने न्यायला सुमारे ५० वॅट ताकद लागते. तेच वजन शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १० किलोमीटरने न्यायला सव्वाशे वॅटच्या पुढे जावे लागते. मुलगी हलकी असेल तर आकडे थोडे उतरतील, प्रमाण तेच राहील. तालुक्यातल्या पाड्यांचे रस्ते सपाट नाहीत. वर्गातल्या मैत्रिणी उभ्याने पायडल मारून चढ पार करतात. सिकलसेलची मुलगी उतरून सायकल ढकलते, मागे राहते, आणि थोड्या दिवसांनी ती सायकल घरातले दुसरे कोणीतरी वापरू लागते. शाळेच्या नोंदीत मात्र सायकल मिळालेली असते.

मग तिने व्यायाम टाळावा का? पूर्वी तसाच सल्ला दिला जाई. आता चित्र बदलले आहे. फ्रान्समध्ये सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, प्रत्येकाच्या झेपेल त्या बेताने जागच्या जागी सायकल चालवायला दिली गेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीचा निष्कर्ष असा की बेताचा व्यायाम त्यांना सुरक्षितपणे करता आला आणि त्यांची श्रमाची क्षमता वाढली. ते प्रौढ होते आणि देखरेखीखाली होते, त्यामुळे तो निष्कर्ष चौदा वर्षांच्या मुलीला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी दिशा स्पष्ट आहे: श्रम हवेत, पण त्यांना वरची मर्यादा हवी. पायडलला हातभार लावणारी सायकल नेमकी ती मर्यादा घालून देते. सपाटीवर मुलगी स्वतः चालवेल, चढावर मदतीची पायरी वाढवेल.

तेव्हा मागणी साधी आहे. सायकल योजनेत सिकलसेलग्रस्त मुलीला साध्या सायकलीऐवजी ई-सायकल मिळावी. किंमत साध्या सायकलीच्या कित्येक पट, साधारण २५ ते ४० हजार रुपये आहे हे खरे. पण रुग्ण मुली प्रत्येक तालुक्यात मोजक्या आहेत. शोधमोहीमही सुरू आहे; १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे, म्हणजे वेगळी सोय देण्याला कायद्याचा आधारही आहे. तपासणी करून हातात कार्ड दिले आणि गोळ्या सुरू केल्या, एवढ्यावर तिचे शाळेत जाणे सोपे होत नाही.

मात्र सायकल देताना चार गोष्टी पाहाव्या लागतील, आणि त्या विकत घेणाऱ्या प्रत्येकालाच लागू आहेत.

पहिली हेल्मेट. कायदा या सायकलीला सायकल म्हणतो म्हणून डोके कमी फुटत नाही. ताशी १२ किलोमीटरऐवजी २५ ने पडले तर आदळण्याची ऊर्जा चौपट होते. मोटारसायकलस्वारांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो. नवापूरला तर सुरत-धुळे महामार्ग लागून आहे. तोच पुढे विसरवाडीवरून कोंडाईबारी घाटाकडे जातो आणि त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात. शाळेचा रस्ता महामार्गावरून जात असेल तर आधी बाजूच्या पट्टीचा प्रश्न सोडवावा, मग सायकल द्यावी.

दुसरी बॅटरी. इथले घर सहसा पत्र्याचे, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या पुढच्या उष्णतेत चार्ज करू नये. उन्हातून आल्यावर अर्धा-पाऊण तास सावलीत ठेवून मगच चार्जर लावावा, आणि चार्जर सायकलीसोबत आलेलाच. दुसऱ्या कंपनीचा ‘बसतो’ म्हणून लावलेला चार्जर, फुगलेली किंवा पडून चेपलेली बॅटरी, रात्रभर बाहेर पडायच्या दाराशीच चाललेले चार्जिंग, ही आगीची कारणे आहेत. २०२३ मध्ये एकट्या न्यूयॉर्क शहरात अशा बॅटऱ्यांच्या आगींत १८ जणांचा जीव गेला. एका चार्जिंगला अर्ध्या युनिटपेक्षाही कमी वीज लागते, त्यामुळे बिलाची भीती नको. भीती ढिल्या प्लगची आणि अर्थिंग नसलेल्या बोर्डाची बाळगावी. उन्हाळी सुट्टीत सायकल पडून राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नये, निम्मी चार्ज करून ठेवावी.

तिसरी पाऊस. पावसाच्या सरीने या सायकली बिघडत नाहीत, पण मोटर बहुधा मागच्या चाकाच्या मधोमध असते. फरशी पुलावर पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आले की मोटर पाण्यात जाते. तशा पाण्यात सायकल घालूच नये, मोटर वाचवायची म्हणून नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीने काय केले ते नवापूरकर विसरलेले नाहीत. सिकलसेलच्या मुलीसाठी रेनकोट ही चैन नाही, औषधाइतकाच तोही हवा.

चौथी दुरुस्ती. चेन, ब्रेक, पुढच्या चाकाचे पंक्चर कोणताही सायकलवाला काढतो. मागच्या चाकाला मोटरची वायर असते, ती सोडवल्याशिवाय चाक निघत नाही, आणि घाईत ती तुटली की सायकल जड लोखंड होऊन बसते. गावातल्या एकाला तरी हे काम शिकवून, दोन-चार सुटे भाग तालुक्यात ठेवल्याशिवाय वाटप करू नये. बॅटरीही काही वर्षांनी बदलावी लागते आणि तो खर्च पालकांना झेपणारा नाही, त्याची तरतूद योजनेतच हवी.

राहिला मुठीचा प्रश्न. शाळेसाठी दिल्या जाणाऱ्या सायकलीला पिळायची मूठ नसावीच. ती असली की मुलगी पायडल मारणार नाही, भाऊ तिला महामार्गावर पळवेल, बॅटरी निम्म्या वाटेत संपेल आणि २० किलोची सायकल ढकलत आणणे पुन्हा तिच्याच वाट्याला येईल. बहुतेक सायकलींत ही मूठ एका साध्या जोडणीवर असते. ती पुरवठादाराकडूनच काढून घेता येते. हे काम खरेदीच्या अटींत लिहावे. वाटपाचा फोटो छापून आल्यानंतर ते कोणी करत नाही.