सूड आणि न्याय



अमेरिकन काउबॉयपटांचा साचा ठरलेला असतो: ओसाड मुलूख, दुबळा कायदा, आप्तांची हत्या आणि अखेरीस सूड. हा साचा आपल्या घराघरांत पोचविला तो १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या 'शोले'ने. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला.

त्यातील ठाकूर हा पूर्वाश्रमीचा पोलीस अधिकारी. त्याने गब्बरला कायद्यानेच पकडले होते; परंतु गब्बर तुरुंगातून निसटला आणि त्याने ठाकुराचे कुटुंब संपविले. मग ठाकूर कायद्याकडे न जाता दोन चोरांना हाताशी धरतो. रमेश सिप्पी यांनी मूळ चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला खिळे लावलेल्या जोड्यांनी ठार करतो. तो काळ आणीबाणीचा होता. सेन्सॉर मंडळाने हा शेवट बदलावयास लावला आणि गब्बर पोलिसांच्या स्वाधीन झाला. २०२५ साली मूळ शेवट रसिकांसमोर आला. त्यात सूड पुरा होताच ठाकूर ढसढसा रडतो. गेलेले कोणी परत आलेले नसते.

तोराच्या गणना ग्रंथातील पस्तिसाव्या अध्यायात सहा आश्रयनगरांची आज्ञा आहे. रक्ताचा सूड घेणाऱ्याचे दुःख तेथे नाकारलेले नाही. मात्र मंडळीसमोर निवाडा होईपर्यंत त्याला थांबविले आहे. एकाच साक्षीवर देहान्त शिक्षा नाही, आणि खुन्याकडून खंडणी घेऊन त्याला सोडणेही नाही. म्हणजे घाई आणि ढिलाई, दोहोंनाही तेथे बंदी आहे.

हा प्रश्न केवळ पडद्यावरचा नाही. १९८७ साली जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणविणाऱ्या टोळीचे पत्र 'जर्सी जर्नल'मध्ये छापून आले. भारतीयांना या शहरातून हुसकून लावण्याची धमकी त्यात होती. कुंकवाचा द्वेष करणाऱ्याला हिंदू, पारशी, बेने इस्राएल हा भेद कोठून कळणार? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेजारच्या होबोकेनमध्ये एका तरुण पारशी गृहस्थाला टोळक्याने बेदम मारहाण केली आणि त्यात त्याचा अंत झाला. १९८९ साली आरोपी मारहाणीबद्दल दोषी ठरले. खुनाबद्दल कोणीही नाही.

असा निकाल ऐकल्यावर ठाकुराचे जोडे आठवतात, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. तथापि येथील भारतीयांनी मोर्चे काढले, अर्ज केले, आपले म्हणणे विधिमंडळापर्यंत नेले. १९९० साली न्यू जर्सीने वंशद्वेषातून घडणाऱ्या गुन्ह्यांसाठी शिक्षा वाढविणारा कायदा केला. त्या पारशी घराला त्याने पूर्ण न्याय मिळाला, असे कोणी म्हणू नये. पण सुडाने एकच हिशेब चुकता होतो. कायदा सुधारला तर पुढच्या माणसाच्या पाठीशी काहीतरी उभे राहते.

मुलांना 'शोले' अवश्य दाखवावा, आणि दोन्ही शेवट दाखवावेत. कोणता योग्य, हे त्यांनाच विचारावे, आणि उत्तराचे कारणही मागावे.