परदेशस्थ मालकाचा फ्लॅट आणि खरेदीदाराच्या गळ्यातला ‘टॅन’

अनिवासी भारतीयाकडून घर घेताना लागणाऱ्या कर क्रमांकाची अट सैल होते आहे. पण सातारा-सांगलीतल्या खरेदीदाराची खरी अडचण क्रमांकाची नाही, माहितीची आहे.

सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या शाहूपुरीत ४५ लाखांचा एक जुना फ्लॅट विक्रीला आहे असे समजा. मालक इथेच राहणारा असेल, तर खरेदीदाराला उद्गम करकपातीचा, म्हणजे टीडीएसचा, विचारही करावा लागत नाही. निवासी मालकाच्या बाबतीत ही कपात ५० लाखांपासून सुरू होते आणि तीही फक्त एक टक्का. पण तोच मालक दुबईत नोकरीला असेल किंवा लंडनला स्थायिक झालेला असेल, तर ५० लाखांची मर्यादा लागूच होत नाही. व्यवहारात अशा वेळी पूर्ण किमतीवर साडेबारा टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे एकूण १३ टक्के कापले जातात. ४५ लाखांवर ही रक्कम होते ५ लाख ८५ हजार रुपये.

ती कापायची खरेदीदाराने, भरायची खरेदीदाराने. त्यासाठी आजवर त्याला टॅन हा वेगळा कर क्रमांक काढावा लागत आला आहे. पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत रक्कम जमा करायची, तिमाही संपल्यावर २७ क्यू हे विवरणपत्र भरायचे, विक्रेत्याला प्रमाणपत्र द्यायचे. विवरणपत्राला उशीर झाला तर कापलेल्या कराच्या मर्यादेत रोज २०० रुपये शुल्क. आणि कर कापलाच नाही, तर न कापलेला कर व्याजासह खरेदीदाराकडून वसूल होऊ शकतो. पैसे घेऊन गेला विक्रेता, नोटीस येते खरेदीदाराला.

२०२६च्या अर्थसंकल्पात यातला एक काटा काढण्यात आला. खरेदीदार निवासी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल, तर १ ऑक्टोबर २०२६ पासून त्याला टॅनऐवजी स्वतःच्या पॅनवर, चलनाद्वारे हा कर भरता येईल. निर्णय योग्यच आहे, उशिराने का होईना. आयुष्यात एकदाच घर घेणाऱ्या माणसाला कंपनीसारखा कपातदार समजून कायमचा क्रमांक घ्यायला लावण्यात कधीच शहाणपण नव्हते. मात्र टॅन गेला म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणे घाईचे ठरेल.

अनिवासी ओळखायचा कसा?

इथेच सगळी गोची आहे. प्राप्तिकराच्या भाषेत निवासी आणि अनिवासी हा भेद पासपोर्टवर ठरत नाही, वास्तव्याच्या दिवसांवर ठरतो. ढोबळमानाने वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला निवासी, त्याहून कमी राहिलेला बहुधा अनिवासी. काही उपनियम आहेत, पण सामान्य माणसाला कळीचा आकडा हाच. म्हणजे भारतीय पासपोर्ट बाळगणारा, गणपतीला न चुकता गावी येणारा, मतदारयादीत नाव असलेला आखातातला अभियंताही अनिवासी असू शकतो. मालवाहू जहाजावर नोकरी करणाऱ्याचेही तेच. उलट विटा-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात दुकान थाटून बसले असोत, गावापासून कितीही लांब असोत, ते निवासीच.

अनिवासी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतला संगणक अभियंता येतो. त्यामुळे मस्कतहून महिन्याला घरी पैसे पाठवणाऱ्या शेजाऱ्याचा फ्लॅट घेताना हा नियम आठवत नाही.

त्यात भर कुलमुखत्यारपत्राची. परदेशातला मालक भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देतो. विसार घ्यायला भाऊ, दुय्यम निबंधकांसमोर सही करायला भाऊ, आधार कार्ड भावाचे. खरेदीदाराच्या लेखी व्यवहार साताऱ्यातल्या माणसाशी होतो आहे. कायद्याच्या लेखी मात्र विक्रेता मूळ मालकच आणि करकपात त्याच्या दर्जानुसार. शिवाय ही कपात विसाराच्या पहिल्या रकमेपासून लागू होते, शेवटच्या धनादेशापासून नव्हे.

दस्तात विक्रेत्याचा पॅन लिहिलेला असतो, पण त्यावरून काही कळत नाही. पॅनच्या दहा अक्षर-अंकांतले चौथे अक्षर ‘पी’ असेल तर धारक व्यक्ती आहे एवढे समजते. ती व्यक्ती कराडला राहते की कॅलिफोर्नियात, हे त्यात नसते.

मालकाच्या बाजूने क्रमांक कोणता?

मालकाला पॅन पुरतो, आणि तो मिळवणे तुलनेने सोपे आहे. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासीला निवासी नागरिकाचाच अर्ज, जो आजवर ४९ ए म्हणून ओळखला गेला. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना, ओसीआय कार्डधारकांसह, ४९ एए. सोबत पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड आणि परदेशातल्या पत्त्याचा पुरावा. आधारच्या जोरावर काही मिनिटांत मिळणारा ई-पॅन मात्र आधार नसलेल्यांना मिळत नाही. त्यामुळे व्यवहार ठरल्यावर पॅनच्या मागे लागणे महागात पडते. विक्रेत्याचा पॅन नसेल तर कपातीचा दर किमान २० टक्क्यांवर जातो.

जुना पॅन आहे म्हणूनही निर्धास्त राहता येत नाही. आधारजोडणीतून अनिवासींना सूट आहे. तरीही ज्यांनी आपला निवासी दर्जा खात्याकडे अद्ययावत केला नव्हता, त्यांचे पॅन जुलै २०२३ मध्ये निष्क्रिय झाले होते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पुण्यात नोकरी करताना काढलेला पॅन घेऊन कुणी परदेशी गेले असेल, तर विक्रीची बोलणी सुरू करण्याआधी त्याची स्थिती प्राप्तिकर पोर्टलवर तपासावी.

आणि ‘परदेशी गुंतवणूकदार’ हा शब्द या दोन जिल्ह्यांत फार रुबाबदार वाटायचे कारण नाही. परदेशात राहणाऱ्या, भारतीय वंशाचा नसलेल्या परदेशी नागरिकाला सर्वसाधारणपणे इथे स्थावर मालमत्ता विकत घेताच येत नाही. वारसाने मिळणे वेगळे. अनिवासी भारतीय आणि ओसीआय यांना घर, दुकान, कार्यालय घेता येते. शेतजमीन, मळे आणि फार्महाऊस नाही. वाई-पाचगणीच्या बाजूला फार्महाऊस प्लॉटच्या जाहिराती पाहून अमेरिकेतून आगाऊ रक्कम पाठवणाऱ्यांनी हे आधी वाचायला हवे. थोडक्यात, इथला परदेशी गुंतवणूकदार बहुतेक वेळा आपल्याच घरातला असतो.

वारसाच्या घरात काय होते?

वडिलांच्या नावावरचा ४८ लाखांचा फ्लॅट, चार वारस. तिघे सांगली-मिरजेत, एक बहीण लग्न होऊन बर्मिंगहॅमला, आता ब्रिटिश नागरिक. तिघांच्या वाट्यावर टीडीएस नाही, कारण एकूण किंमत ५० लाखांच्या आत आहे. बहिणीच्या १२ लाखांच्या वाट्यावर मात्र १३ टक्क्यांनी १ लाख ५६ हजार. एकाच खरेदीखतात दोन नियम. या बहिणीकडे पॅन असण्याची शक्यताही कमी, कारण तिने भारतात कधी कमावलेच नाही.

अशा वेळी गावात दिला जाणारा सल्ला ठरलेला असतो: बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्या, म्हणजे कटकट नको. करापायी एखादीचा वाटा सोडवून घेणे हा उपाय म्हणायचा की अन्याय? २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. कागदोपत्री किचकटपणाच्या नावाखाली तो परत जात असेल, तर तो दोष कररचनेचाही आहे.

शेतजमिनीचे गणित वेगळे. ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ता मानली जात नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. पण ‘ग्रामीण’ म्हणजे काय हे नगरपालिकेच्या हद्दीपासूनच्या सरळ रेषेतल्या अंतरावर ठरते. विटा किंवा वाईसारख्या, एक लाखाच्या आतल्या शहरापासून दोन किलोमीटर. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेपासून सहा किलोमीटर. त्या पलीकडचे शिवार सुटते, अलीकडचे अडकते.

जास्तीचा कर अडकतो तो कसा?

कर द्यायचा असतो नफ्यावर, कापला जातो किमतीवर. ४५ लाखांचा तो फ्लॅट मालकाने २०१० मध्ये १५ लाखांना घेतला असेल, तर नफा ३० लाख आणि कर ३ लाख ९० हजार. कापले गेले ५ लाख ८५ हजार. उरलेले १ लाख ९५ हजार विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत सरकारकडे.

कायदा करपात्र रकमेवरच कपात सांगतो हे खरे. पण करपात्र रक्कम किती, हे खरेदीदाराने कोणत्या आधारावर ठरवायचे? मूळ खरेदी, नोंदणी खर्च, सुधारणा यांचे कागद विक्रेत्याकडे. चूक झाली तर जबाबदारी खरेदीदाराची. मग कुठलाही शहाणा सनदी लेखापाल त्याला पूर्ण किमतीवर कापायचा सल्ला देतो आणि तो बरोबरच असतो. यातून सुटण्याची वाट म्हणजे विक्रेत्याने कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी काढणे. अर्ज ऑनलाइन होतो, पण त्याला आठवडे लागतात, आणि चार आठवड्यांच्या सुट्टीवर घर विकायला आलेल्या माणसाकडे आठवडेच नसतात.

खात्याचे म्हणणे चूक आहे का?

नाही. पैसा एकदा देशाबाहेर गेला की वसुली अवघड, ही भीती खरी आहे. पण ती निवारायला दुसरे दारही आहे. अनिवासीच्या विक्रीची रक्कम साधारणपणे एनआरओ खात्यात जमा होते. तिथून ती बाहेर न्यायला वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे आणि कर भरल्याचे तपासून सनदी लेखापालाच्या दाखल्यासह माहिती द्यावी लागते. बँकेच्या दारात तपासणी होणारच असेल, तर पहिल्या दारातला सगळा भार छोट्या खरेदीदारावर टाकायची गरज उरत नाही.

अमेरिकेतही परदेशी विक्रेत्याकडून कर कापण्याची जबाबदारी खरेदीदाराचीच आहे, दर किमतीच्या १५ टक्के. पण तिथे दोन सोयी आहेत. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या घराची किंमत तीन लाख डॉलरपर्यंत असेल तर कपात नाही. आणि ‘मी परदेशी नाही’ असे विक्रेत्याने शपथेवर, आपल्या कर क्रमांकासह लिहून दिले, तर त्यावर विश्वास ठेवणाऱ्या खरेदीदाराला संरक्षण मिळते. खोटे बोलण्याची शिक्षा खोटे बोलणाऱ्याला.

असे एक कलम आपल्या खरेदीखतात का असू नये? विक्रेत्याने, कुलमुखत्यारामार्फत सही होत असेल तर मूळ मालकाने, त्या आर्थिक वर्षातला आपला निवासी दर्जा लिहून द्यावा आणि नोंदणी करतानाच तो प्राप्तिकर खात्याला कळावा. सरकारकडे पॅन आहे, विवरणपत्रे आहेत, पासपोर्टच्या नोंदी आहेत. जे सरकारला एका कळीवर कळू शकते, ते शोधून काढण्याची सक्ती विसार देऊन बसलेल्या शिक्षकावर किंवा दुकानदारावर करण्यात अर्थ नाही. तोपर्यंत खरेदीदाराने विसारापूर्वीच मालकाकडून, भावाकडून नव्हे, ही घोषणा लेखी घ्यावी. तिने त्याची कायदेशीर जबाबदारी संपणार नाही, पण प्रश्न विचारला जाईल.

कर कापायचा राहून गेला असेल तर एक पळवाट कायद्यातच आहे. विक्रेत्याने स्वतः विवरणपत्रात ते उत्पन्न दाखवून कर भरला आणि सनदी लेखापालाचा दाखला दिला, तर खरेदीदाराची कराची थकबाकी टळते. व्याज टळत नाही. आणि पैसे घेऊन परदेशी गेलेल्या माणसाने हा दाखला पाठवावा, यासाठी त्याची मनधरणी करावी लागते.

भाडेकरूंचे काय?

त्यांच्याकडे अर्थसंकल्पाचे लक्ष गेलेले नाही. मिरजेत शिकायला आलेला विद्यार्थी परदेशस्थ मालकाच्या सदनिकेचे महिन्याला १० हजार भाडे देत असेल, तर कायद्याने त्याने ३१.२ टक्के, म्हणजे ३,१२० रुपये कापून भरायला हवेत. मालक निवासी असता तर महिना ५० हजारांपर्यंतच्या भाड्यावर अशा भाडेकरूला काहीच कापावे लागले नसते. हा नियम किती भाडेकरूंना ठाऊक असेल, याचा अंदाज वाचकांनी आपापल्या सोसायटीवरून बांधावा. टॅनमधून मिळालेली सूट मालमत्तेच्या खरेदीपुरती आहे. भाडेकरूसाठी टॅनची अट १ ऑक्टोबरनंतरही कायम राहील.